राजाची तलवार कोणत्या हातात?

इतिहास घडून गेल्यावर जे शिल्लक राहतं त्याला निबंध म्हणतात. लढाया संपतात, राजवाडे पडतात, चित्रांचे रंग उडतात. निबंध मात्र दर वर्षी ताजा, निळ्या शाईत, समास सोडून लिहिलेला हजर असतो. अशा निबंधांना गुण देण्याचं काम आमच्या महाविद्यालयाचा 'इतिहास व कला' विभाग निष्ठेनं करतो. मी तिथला मुख्य परीक्षक. आमच्याहून स्वच्छ काम दुसऱ्या कुठल्या विभागात चालत असेल, तर ते मला कुणीतरी दाखवावंच.

आमच्या पेपरात एक निबंध सक्तीचा असतो आणि विषय ठरलेला असतो: शहरातल्या संग्रहालयात लावलेलं, तलवार उगारलेल्या राजाचं भलंमोठं तैलचित्र. गुण दहा. त्यांतले चार 'तलवार डाव्या हातात आहे' हे नोंदवल्याबद्दल, तीन त्या डाव्या हातामागची राजाची मनोभूमिका उलगडल्याबद्दल, दोन ही वाक्यं पट्टी लावून अधोरेखित केल्याबद्दल आणि उरलेला एक 'एकूण प्रभावा'बद्दल, म्हणजे अक्षराला. हात चुकला की मनोभूमिका चुकते, मनोभूमिका चुकली की अधोरेखित करण्याजोगं काही उरत नाही, आणि विद्यार्थी अक्षराचा एक गुण खिशात घालून घरी जातो. परीक्षकानं निबंध वाचायचा नसतो, निबंधात हात शोधायचा असतो. (वाचत बसणारे परीक्षक पूर्वी आमच्याकडे होते. त्यांचे गठ्ठे अजून कपाटावर पडून आहेत.)

डाव्या हाताचा हा शोध आमच्या विभागप्रमुख मॅडमचा. राजाला लहानपणी सगळ्यांनी उजवा हात वापरायला लावला, त्याचा राग त्याच्या मनात साचत गेला आणि पुढे त्याच रागातून राज्याचा विस्तार झाला, असा त्यांचा सिद्धान्त आहे. त्यावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या हाताखाली आणखी सहा जणांना मिळाली, त्यांतला एक मी. माझा विषय 'राजाचा निष्क्रिय उजवा हात'. आमच्या शिफारशीवरून चौकातला राजाचा पुतळाही डावखुरा ओतला गेला. डावखुऱ्यांची संघटना दर वर्षी त्याच्या पायथ्याशी जमते आणि भाषणं करते. विभागानं मध्यंतरी एक पाहणीही केली. तिच्यात शंभरातले सत्त्याण्णव विद्यार्थी राजाला डावखुरा मानतात असं आढळलं. उरलेले तीन नापास आहेत.

यंदा एका उत्तरपत्रिकेत स्पष्ट लिहिलं होतं: 'तलवार राजाच्या उजव्या हातात आहे.' अधोरेखितही नव्हतं. मी एक गुण दिला आणि पुढचा पेपर ओढला. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, आमच्या निःपक्षपातीपणाचं रहस्य तेच. (अक्षर ओळखीचं वाटलं होतं. पण ओळखीचं अक्षर न ओळखणं हाही नियमच आहे.)

निकालाच्या दिवशी ताईचा फोन आला. माझी थोरली बहीण 'हॅलो' म्हणत नाही, थेट सुरू होते.

"अरे, पोरगी नापास झाली! तुझ्याच विषयात! तू तिथे काय नुसत्या खुर्च्या गरम करतोस का रे?"

मग लक्षात आलं, ते ओळखीचं अक्षर भाचीचं होतं. जुनी, काळवंडलेली चित्रं साफ करून जतन करायला शिकवणारी एक संस्था आहे. तिथे माझ्या भाचीला जागा मिळाली होती. वर्षाला बाराच जणांना घेतात. पण त्याआधी हा पेपर सुटायला हवा होता. लहानपणापासून या पोरीला दुसरं काही नकोच होतं. भिंतीवरचा डागसुद्धा बोटाला थुंकी लावून हळूच पुसून बघायची. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी मुख्य परीक्षक, म्हणून ताईला म्हणालो, "तिनं पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करावा."

संध्याकाळी भाची घरीच आली. चप्पलसुद्धा न काढता दारात उभी राहिली.

"मामा, तलवार उजव्या हातात आहे. मी बघून आले."

"काय बघून आलीस?"

"चित्र."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? संग्रहालयात!"

"अगं पण कशाला? पुस्तकात आहे की ते!"

तिनं पुस्तक उघडून माझ्या नाकासमोर धरलं. "पुस्तकात उलटं छापलंय. छापताना डावं-उजवं फिरलंय. ही कोपऱ्यातली चित्रकाराची सही बघ ना, तीसुद्धा उलटी आहे."

सही मला ठाऊक होती. ती एका लुप्त लिपीत आहे असं आम्ही मानतो आणि आमचे एक सहकारी तीन वर्षं त्या लिपीवर काम करताहेत. त्यांना सध्या काही कळवू नकोस, असं मी भाचीला बजावलं.

अर्ज आला तसा नियमाप्रमाणे समिती नेमली गेली: विभागप्रमुख मॅडम, लिपीवाले सहकारी आणि मी. समितीनं प्रत्यक्ष पाहणी करावी असं नियमात कुठेतरी चुकून राहून गेलं होतं, म्हणून आम्ही संग्रहालयात गेलो. मॅडम प्रथमच येत होत्या. आम्ही चित्रासमोर उभे राहिलो. राजाच्या उजव्या हातात तलवार होती. खाली कोपऱ्यात सही होती, आणि ती आपल्या साध्या लिपीत होती. सहकारी एका बाकावर जाऊन बसले.

मॅडम म्हणाल्या, "चित्रकाराची चूक झालेली दिसते."

मग तिथेच बैठक झाली. पहिला पर्याय, पुस्तक चुकलं असं मान्य करणं. तसं केलं तर सात डॉक्टरेट, एक पुतळा आणि आजवर उत्तीर्ण झालेले सगळे विद्यार्थी, त्यांतले काही आता मंत्रालयात, एकदम चुकीचे ठरतात. एका मुलीपायी एवढ्या लोकांना नापास करणं माणुसकीला धरून नव्हतं. दुसरा पर्याय सहकाऱ्यांनी सुचवला, चित्र फिरवून टांगावं. संग्रहालयाचे प्रमुख शांतपणे म्हणाले, "फिरवून टांगलं तर मागचा कापडाचा भाग दिसेल, सर." (हा मुद्दा तांत्रिक असल्यानं इतिवृत्तात घेतला नाही.) तिसरा पर्याय मी सुचवला. त्याबद्दल मॅडमनी माझं अभिनंदन केलं होतं, हेही इथे नोंदवतो.

आठवड्याभरात चित्राच्या समोरच्या भिंतीवर आरसा बसला. अगदी भिंतभर. एका बंद पडलेल्या सलूनमधला होता, कंगवे ठेवायची फळी अजून त्याला होती. खाली पाटी लावली: 'चित्र पाहण्यासाठी कृपया चित्राकडे पाठ करावी.' आरशात तलवार डाव्या हातात दिसते, सही लुप्त लिपीत दिसते, कुणाचंच काही बिघडत नाही. सुरुवातीला काही लोक मान वळवून मागे बघत. आता रखवालदार त्यांना हटकतो. येणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. बायका केस नीट करतात, पुरुष मिशा बघतात, आणि कलेच्या इतक्या जवळ एवढी माणसं पूर्वी कधी आली नव्हती.

भाचीच्या अर्जावर समितीनं निर्णय दिला: तिनं अनधिकृत दिशेनं चित्र पाहिल्यामुळे तिचा निबंध ग्राह्य धरता येत नाही. तथापि सहानुभूतीपूर्वक विचार करून तिला आरशासमोर फेरपरीक्षा देण्याची संधी मिळावी.

आदल्या दिवशी मी ताईकडे गेलो. भाची भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"हे बघ बाळा," मी म्हणालो, "दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. 'डाव्या हातात' लिही आणि सूट. एकदा तिथे प्रवेश मिळाला की आयुष्यभर खरी चित्रं बघत बस. कोण अडवतंय?"

"आणि खोटं लिहायचं?"

"आरशात दिसतं ते लिहायचं. खोटं कसं होईल?"

ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "लिहून टाक गं बाई! जागा गेली तर तुझा हा मामा भरून देणार आहे का?"

तिनं लिहिलं. डाव्या हातात, राग साचलेला, पट्टीनं अधोरेखित. दहापैकी दहा. तिची उत्तरपत्रिका मॅडमनी नमुना म्हणून वर्गात वाचून दाखवली. प्रवेशाची मुदत संपायच्या आत गुणपत्रिका तिच्या हातात पडली. मला इतका आनंद झाला की मी तिला नवी बॅग घेऊन दिली.

निघायच्या दिवशी ती बॅग घेऊन पाया पडायला आली आणि जुना, एक गुणवाला निबंध माझ्यापुढे ठेवला. पुनर्मूल्यांकनाच्या वेळी तिनं त्याची प्रत मागून घेतली होती.

"मामा, आता तुला गुण द्यायचे नाहीत. आता तरी वाच."

"अगं, वाचलाय मी. उजवा हात..."

"उजव्या हातावर एकच ओळ आहे रे. उरलेली आठ पानं वाच."

ती गेल्यावर वाचली. आठही पानं एका बाईवर होती. चित्रात खालच्या बाजूला, राजाच्या पावलांपाशी, एक बाई जमिनीवर बसलेली आहे. मांडीवर निजलेलं मूल आहे आणि ते उठू नये म्हणून तिनं त्याच्या कानावर हात ठेवला आहे. राजानं तलवार तिच्यावर उगारली आहे. ती वर बघतसुद्धा नाही. पोरीनं तिच्या बोटांबद्दल लिहिलं होतं, पदराला पडलेल्या भोकाबद्दल लिहिलं होतं, आणि चित्रकाराला राजापेक्षा तो पदर रंगवायला जास्त वेळ लागला असणार, हेही लिहिलं होतं. मला लाज वाटली. मी त्या चित्रावर डॉक्टरेट केली, त्याच्यासमोर समिती घेऊन उभा राहिलो, आरशाचं माप घ्यायला स्वतः दोनदा गेलो. ती बाई मला दिसलीच नव्हती.

तुम्ही हसताय. आमचा विभाग, आमचा आरसा, आमचे दहा गुण, सगळ्याला हसलात, आणि तलवार खरं तर उजव्या हातात आहे हे तुम्हाला आमच्या आधी समजलं म्हणून खूषही झालात. पण इतका वेळ वाचत होतात, तलवार उगारलेली होती हेही तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, तरी ती कुणावर उगारली आहे, हे एकदाही विचारलं नाहीत. काळजी करू नका. हात बरोबर ओळखलात, पूर्ण गुण दिले आहेत.