तोंडातल्या तोंडात

सुरतेतल्या उधना विभाग मराठी मंडळाच्या भक्तिगायन वृंदात अकरा बायका होत्या, तीन पुरुष होते आणि खर्ज नव्हता.

ही उणीव वृंदाचे संस्थापक, गीतकार, संगीतकार आणि दिग्दर्शक प्रकाश कर्णिक यांना पहिल्याच तालमीला कळली. तीन पुरुषांपैकी एकाला दमा होता, दुसरा बायकोला सोडायला आला होता आणि तिसरे स्वतः कर्णिक होते.

कर्णिक बँकेत अधिकारी. मिशनच्या कॉलेजात शिकताना दोन नाताळ ते तिथल्या गायनवृंदात उभे होते. बायका-पुरुष मिळून एकच प्रार्थना एकाच वेळी चार वेगवेगळ्या सुरांत म्हणतात आणि तरी भांडण होत नाही, हे पाहून त्यांच्या अंगावर काटा आला होता. 'उभे होते' हे शब्द इथे जपून वापरले आहेत. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे वह्या वाटायचं काम होतं. दुसऱ्या वर्षी रांगेत जागा मिळाली, पण सरांनी त्यांना फक्त ओठ हलवायची परवानगी दिली होती. आवाज काढायची नव्हती. एवढा तपशील कर्णिकांनी सुरतेत कुणाला सांगितला नव्हता.

"म्हणजे चार जण चार तऱ्हेनं म्हणणार," मंडळाचे अध्यक्ष दगाजी भामरे म्हणाले. "ते तर आपल्या आरतीला दरवर्षी होतंच की."

"ते चुकून होतं, भाऊ. हे ठरवून."

"ठरवून चुकायचं?"

बऱ्याच चर्चेनंतर अध्यक्षांनी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दहा मिनिटं दिली. जमलं तर गणेशोत्सवातली तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ वृंदाची. ती पाच वर्षं अध्यक्षांच्या पुतण्याच्या कराओकेकडे होती. "आणि नाही जमलं, तर कर्णिकसाहेब, तुम्ही आपले द्रोण सांभाळा." कर्णिक आठ वर्षं मंडळाच्या प्रसादाच्या द्रोणांचे प्रमुख होते. त्या कामात त्यांनी इतकं नाव कमावलं होतं की आता सुटलो नाही तर द्रोण हातात घेऊनच जाऊ, अशी भीती त्यांना वाटू लागली होती. कर्णिकांच्या आयुष्यात दुसरी महत्त्वाकांक्षा उरली नव्हती. तिसऱ्या दिवसाची ती संध्याकाळ त्यांना हवी होती.

खर्ज त्यांना बँकेत सापडला. रांगेच्या शेवटून कुणीतरी म्हणालं, "साहेब, एवढं पासबुक छापी द्या ना!" आणि काउंटरची काच थरथरली. कर्णिक उठून बाहेर आले आणि त्यांनी पासबुक सोडून त्या माणसाचा हात धरला.

"तुम्ही गाता का?"

"भजनात गातो," तो माणूस घाबरून म्हणाला. "का साहेब? काही गुन्हा झाला का?"

तो भटू. गोडादऱ्याला राहणारा, लूमच्या कारखान्यातला कारागीर. पुढच्या रविवारी सकाळी तो रातपाळीवरून थेट तालमीला आला आणि येताना वाल्मिक, हेमराज आणि उखा अशा आणखी तिघांना घेऊन आला. सगळे लूमवाले, सगळे मूळचे धुळ्याकडचे. चौघांनी मिळून पहिला सा लावला आणि सभागृहातली महिनाभर लुकलुकणारी ट्यूबलाइट लागली.

"छान, छान. पण जरा हळू," कर्णिक म्हणाले.

"काय सांगतस रे त्या?" भटूने वाल्मिकला विचारलं. दोघांच्यात दोन फुटांचं अंतर होतं, पण आवाज दोन रस्त्यांपलीकडे जाईल असा.

लूमच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या या माणसांना हळू बोललेलं ऐकू येत नाही, हे कर्णिकांच्या लक्षात आलं. मग त्यांनी शब्द तोंड मोठं करून, आवाज न काढता म्हणून दाखवले. चौघांनी ते झटक्यात उचलले. कर्णिकांच्या चेहऱ्यावरून नजर म्हणून हलवेनात. बायका कागदात बघत, मोबाइलमध्ये बघत, एकमेकींच्या साड्यांकडे बघत. खर्जाची रांग फक्त कर्णिकांच्या तोंडाकडे बघे. दिग्दर्शकाला आणखी काय हवं असतं?

आता कर्णिकांना एक सवय होती. अठ्ठावीस वर्षं काचेमागे बसून लागलेली. समोरच्या ग्राहकाकडे पाहून हसायचं आणि ओठांच्या कोपऱ्यातून, आवाज न काढता, त्याच्याविषयीचं खरं मत सांगून टाकायचं. त्याने रक्तदाब ताब्यात राहतो. तालमीत ही सवय उफाळून आली. हेमराज मागे पडला की कर्णिक हसतमुखाने पुटपुटत, "चल रे रेड्या." उखा खालच्या सुराखालीही बुडाला की, "गेली पाणबुडी." मधल्या सुरात उभ्या असलेल्या स्वतःच्या पत्नीकडे, म्हणजे रजनीबाईंकडे वळले की, "हिचा सूर आजपण कुकरवर राहिला."

मोठे हलवलेले ओठ हे लोक वाचतात, हे त्यांना माहीत होतं. बारीक हलवलेले ओठ खासगी असतात, असा त्यांचा समज होता.

तीन महिन्यांत प्रार्थना बसली. शेवटच्या तालमीला मात्र एक गोंधळ झाला. कर्णिकांनी तिसऱ्या कडव्याच्या जागी चुकून दुसऱ्याचे ओठ हलवले. तिघे त्यांच्यामागे दुसऱ्या कडव्यात गेले, उखा एकटा तिसऱ्यात गेला. कर्णिक उखावर रागावले.

"अहो, पण बरोबर तर उखाभाऊच होते," रजनीबाई म्हणाल्या.

"बरोबर असेल. शिस्तीत नव्हता." कर्णिक खर्जाकडे वळले आणि ठणकावून म्हणाले, "उद्या स्वतःचं डोकं चालवायचं नाही. माझ्या ओठांवर जे येईल ते म्हणायचं."

भटूने वाल्मिककडे पाहिलं. वाल्मिकने उखाकडे पाहिलं.

"जे येईल ते?" भटूने विचारलं.

"जे येईल ते."

"बारीक आलं तरी?"

"बारीक, मोठं, सगळं. मी तिथं उगाच तोंड हलवणार आहे का?"

"नाही, विचारून घेतलेलं बरं," भटू म्हणाला.

मग कर्णिकांनी बायकांनाही शेवटची सूचना दिली. "गडबड झाली तर थांबायचं नाही. खर्ज म्हणजे पाया. हरवलात तर खर्जाच्या मागे जा."

वर्धापनदिनाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत अध्यक्ष, शेजारी त्यांचा कराओकेवाला पुतण्या तुषार, चेहऱ्यावर मोठी आशा घेऊन. कर्णिकांनी लोकांकडे पाठ केली, हात उचलले आणि प्रार्थना सुरू झाली. पहिलं कडवं उत्तम गेलं. दुसरंही गेलं. मग तो नाजूक भाग आला, ज्यात चारही सूर अगदी हळू, तीनदा म्हणतात, 'मन निवांत कर'.

पहिल्यांदा मन निवांत झालं. दुसऱ्या वेळी वरच्या सुरातल्या जयश्रीबाईंच्या पर्समधून ढोल वाजू लागला. गाताना जागचं हलायचं नाही, ही शिस्त जयश्रीबाईंनी पाळली. ढोल वाजत राहिला.

कर्णिक हसतमुखाने, ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, "फोन बंद कर."

"फोन बंद कर," खर्जाने गंभीरपणे म्हटलं. सुरात, लयीत, चार छात्यांच्या तळातून.

कर्णिकांचे हात हवेतच राहिले. त्यांचे ओठ म्हणाले, "अरे देवा!"

"अरे देवा," खर्ज म्हणाला, आणि त्यात अशी काही आर्तता होती की तिसऱ्या रांगेतल्या सुभद्राबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

बायका हरवल्या. पण हरवल्यावर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. मधल्या सुराने 'फोन बंद कर' उचललं, त्याच्यामागून वरच्या सुराने, आणि दमेकरी गृहस्थांनीही मधे कुठेतरी. एकामागून एक येणारे, एकमेकांना न अडवता पुढे जाणारे चार सूर. तीन महिने घसा फोडूनही कर्णिकांना जे जमलं नव्हतं ते आता आपोआप होत होतं. दिग्दर्शकाने मात्र घाबरून ओठ हलवले, "गप्प बसा!"

"गप्प बसा," खर्ज गरजला. "गप्प बसा," वरून अकरा बायका म्हणाल्या.

तेव्हा कर्णिकांनी त्या संध्याकाळचं एकमेव शहाणपणाचं काम केलं. तोंड मिटलं. ओठांवर काहीच नव्हतं, म्हणून वृंदही थांबला. सभागृहात संपूर्ण शांतता पसरली आणि त्या शांततेत लोक आपापले फोन काढून बंद करत असल्याचं ऐकू आलं. जयश्रीबाईंनीही केला. मग कर्णिकांनी तोंड मोठं करून 'मंगलमूर्ती' म्हटलं आणि चौसुरी शेवट व्यवस्थित पार पडला.

टाळ्या थांबेनात. अध्यक्ष स्टेजवर चढले.

"कर्णिकसाहेब, मानलं! वीस वर्षं मी माइकवरून सांगतोय, फोन बंद करा. कोणी बाप ऐकत नाही. तुम्ही थेट देवासमोर सांगितलं! तिसरा दिवस तुमचा. पण तो फोनचा भाग पायजेच. आणि जमलं तर एक कडवं चपला रांगेत ठेवायचं टाका."

स्टेजमागे आल्यावर कर्णिकांनी खर्जाला कोपऱ्यात घेतलं. "अरे, ते प्रार्थनेत होतं का? मी मनात बोलत होतो!"

"मनात नाही, साहेब. तोंडात," भटू म्हणाला. "तुम्हीच तर सांगितलं, बारीक आलं तरी म्हणायचं."

"पण तुम्हाला ऐकू कसं गेलं?"

"ऐकू कुठं येतं? दिसतं. आमच्याकडे लूम चालू असली की कानाचं कामच नाही. मास्तर त्या टोकाला काय पुटपुटतो ते आम्ही या टोकाहून वाचतो."

कर्णिकांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे... तीन महिने..."

"रेडा मी," हेमराज मदतीला आला.

"मी पाणबुडी," उखा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. थोडासा मानच होता.

रजनीबाई मागे येऊन उभ्या आहेत हे कर्णिकांना आता कळलं.

"आणि माझ्याबद्दल काय म्हणत होते हे?" रजनीबाईंनी विचारलं.

चौघे जमिनीकडे बघू लागले. शेवटी वाल्मिक म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी उजेड कमी होता."

घरी गेल्यावर उजेड भरपूर होता, पण तो भाग इथे सोडून देऊ. कर्णिकांना खरोखरच लाज वाटली. आपण सुसंस्कृत आहोत असं त्यांना बरीच वर्षं वाटत होतं. सुधारायचं त्यांनी मनावर घेतलं. पुढच्या रविवारी ते दाढेखाली लवंग धरून, ओठ घट्ट मिटून तालमीला उभे राहिले. आता फक्त हात. हात वर म्हणजे मोठ्याने, खाली म्हणजे हळू, डावा आला की खर्ज.

खर्ज कोसळला. हेमराज अर्धं कडवं मागे राहिला. उखा बुडाला तो वर आलाच नाही. चौथ्यांदा तेच झाल्यावर हेमराज वाल्मिकच्या कानात कुजबुजला, "आपले काढी टाकतस, वाटस." लूमवाल्याची कुजबुज असल्यामुळे ती सगळ्या सभागृहाने ऐकली.

भटू पुढे आला. "साहेब, कोणाचं चुकलं असेल तर सांगा. पण असं नका करू."

"कसं?"

"तोंड बंद. आमचा मास्तर दिवसभर शिव्या देतो तोवर नोकरी पक्की. ज्या दिवशी नुसता बघतो आणि गप्प राहतो, त्या दिवशी संध्याकाळी माणूस घरी. या उखाला दोन ठिकाणी तसंच काढलं." उखाने मान डोलावली. "तुम्ही दुसरा खर्ज बघितला का, साहेब?"

"नाही रे, भटू!" कर्णिकांनी लवंग गिळली. "मलाच लाज वाटली. तुम्हाला असं काहीबाही बोलणं बरं नाही."

"मग आम्हाला कळणार कसं? रेड्या म्हटलं की हेमराज पळतो. पाणबुडी म्हटलं की उखा वर येतो. तीन महिने त्याच्यावरच तर गातोय."

"आणि हे हात?" कर्णिकांनी दोन्ही हात पुढे धरून विचारलं. "मी इतके दिवस हे जे करतोय ते?"

भटू जरा संकोचला. "ते आम्ही म्हटलं, साहेबांचा खांदा धरला असेल. मोकळा करत असतील."

कर्णिकांनी हात खाली घेतले. मग त्यांनी हेमराजकडे बघून, अगदी बारीक, ओठांच्या कोपऱ्यातून काहीतरी म्हटलं. हेमराजचा चेहरा खुलला. खर्ज लागला, पाया बसला, मधला सूर त्यावर टेकला आणि वरचा त्याच्याही वर जाऊन उभा राहिला.

प्रार्थना संपली तेव्हा रजनीबाईंनी हातातला कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"वाल्मिकभाऊ," त्या म्हणाल्या, "हे ओठ वाचणं कठीण असतं का हो?"

"कठीण कसलं, वहिनी," वाल्मिक उत्साहाने म्हणाला. "जवळून बघायचं फक्त. दोन रविवारात येईल."

बायकांनी आपापल्या खुर्च्या पुढे ओढल्या.