पट्टा ओला केलात का?

मला फसवणारा अजून जन्माला यायचाय! हे मी म्हणत नाही, डहाणूच्या बाजारातले भाजीवाले म्हणतात, तेही कपाळाला हात लावून. कलिंगड मी चारही बाजूंनी वाजवतो. काटा बरोबर आहे का ते बघायला आधी रिकामं पारडं तोलायला लावतो. जगात माणसं दोनच प्रकारची. एक फसवणारी आणि दुसरी अजून न पकडली गेलेली.

त्यामुळे सायकल चालवताना छातीला बांधायचा, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा घ्यायची वेळ आली तेव्हा मी निर्धास्त होतो. म्हटलं, येऊ दे कोणाला यायचं ते!

पट्टा लागला तो पुष्पामुळे. पुष्पा म्हणजे माझी बायको. संशय घेण्यात मी हुशार, पण ती माझी गुरू. बोर्डीच्या रस्त्यावर खड्ड्यांतून जाताना माझ्या मनगटावरच्या घड्याळानं एकशे नव्वद ठोके दाखवले आणि नेमके तिनं ते पाहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे!

"पन्नाशी उलटलीय. दीडशेच्या वर जाऊ देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "आणि घड्याळाचं काही खरं नसतं. छातीचा पट्टा घ्या, तो बरोबर सांगतो."

पुष्पानं यातलं पहिलं तेवढं ऐकलं. "एकदा जरी दीडशेच्या वर गेलं, तर सायकल कासा गावाला माझ्या भावाकडे!"

मेहुण्याकडे गेलेली वस्तू म्हणजे गंगेला मिळालेली! आणि सायकल मला जीव की प्राण. सकाळी वाडीत चिकूच्या मजुरांशी कटकट, दुपारी व्यापाऱ्याशी कटकट, संध्याकाळी घरी... असो. सुखाचे दोन तास मिळतात ते सायकलवरच.

पहिला पट्टा मागवला. त्याच्यावर पंधराशे लोकांनी स्तुतिसुमनं उधळली होती. मला तिथंच वास आला! एवढे लोक एका गोष्टीवर कधी एकमत होतात का? मी पट्टा चिकूच्या झाडाला बांधून पाहिला. झाडाचे ठोके त्र्याहत्तर!

"झाडाची तब्येत चांगली आहे," पुष्पा म्हणाली.

दुसरा पट्टा इतका सैल निघाला की घोलवडच्या पुढे तो छातीवरून पोटावर आला आणि आकडा शून्य झाला. फोनात सगळं जोडून दिलं होतं ते मनिषनं. हा माझा सायकलवाला मित्र. त्यानं उत्साहाच्या भरात माझे ठोके आणि मी नकाशावर कुठं आहे ते, दोन्ही पुष्पाच्याही फोनवर दिसतील अशी सोय केली होती. पुष्पाला शून्य दिसलं. मी घरी पोचलो तोवर शेजारच्या दोन बायका येऊन बसल्या होत्या!

मग तिसरा. झाडाला बांधला तर मुकाट बसला. मला बांधला तर एकोणऐंशी. पुष्पानं स्वतः माझी नाडी धरून मोजली, तर एकोणऐंशीच! परीक्षा ठरली, डहाणू ते झरी आणि परत. दीडशेच्या आत राहिलो तर सायकल माझी.

बोर्डी सोडून झरीच्या चढाला लागलो. ऊन मी म्हणत होतं. मी मुंगीच्या पावलानं चाललो होतो, एक शेळीसुद्धा मला मागे टाकून गेली. पण ठोके एकशे चाळीस! झरीत जमनाच्या चहाच्या टपरीवर टेकलो, पंख्याखाली पट्टा सुकला आणि आकडाच गायब झाला. फोन स्पीकरवर टाकून मी मनिषवर ओरडलो,

"अरे, पट्टा लागत नाही!"

"ओला केलास का?"

"नाही केला."

"मग कसा लागेल? ओला केल्याशिवाय कोणाचाच लागत नाही! आधी ओलं करायचं, मग नंबर येतो."

"आणि हा खोटा निघाला तर?"

"तिसरा पट्टा आहे ना तुझा? मग खराच असणार. आधीचे दोन डुप्लिकेट होते."

मी फोन ठेवला आणि पाहतो तर सगळी टपरी माझ्याकडेच बघतेय! जमनाच्या हातातली किटली तशीच हवेत. बाकड्यावर पाच-सहा जण बसले होते. त्यातला पांढऱ्या मिशांचा एक जण उठून माझ्यासमोर उभा राहिला. त्याचं नाव काकड्या. इकडे देवालाही तू म्हणतात आणि तलाठ्यालाही, तिथं माझी काय कथा!

"तुला तीन पट्टे मिळाले?"

"हो," मी म्हटलं. "दोन बेकार निघाले."

"आमाला एक नाय मिळत! बापाच्या वखतापासून जमीन कसतो. फारम भरले, मोजणी झाली, पट्टा नाय. आन् तू शेठ मानूस, तुला तीन?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या तलासरी तालुक्यात पट्टा म्हणजे एकच, वनजमिनीचा! कसणाऱ्याच्या नावावर जमीन करून देणारा कागद! आणि माझा फोन भर टपरीत ओरडून सांगत होता की कोणाचा तरी हात ओला केल्याशिवाय तो लागत नाही!

"अहो, तो पट्टा नाही! हा वेगळा!"

"वेगळा म्हंजे? कोणाचा हात ओला केलास? नाव सांग."

"मी थुंकी लावणार होतो!"

"आमाला थुंकी लावतो!" मागून कोणीतरी गरजलं.

"पट्टा कुठं हाय तुझा?" जमनानं विचारलं.

"छातीवर."

"बघा! कागद छातीला लावून फिरतो! काढ शर्ट!"

मला दरदरून घाम फुटला. आणि घामानं पट्टा ओला झाला! फोन टुणकन वाजला. एकशे बावन्न. एकशे साठ. एकशे एकाहत्तर! लगेच पुष्पाचा फोन.

"कुठला चढ चढताय एवढा?"

"चढ नाही! मी बाकड्यावर बसलोय!"

"बाकड्यावर बसून एकशे एकाहत्तर? कोण आहे शेजारी?"

"काढ! शर्ट काढ!" जमना ओरडली.

"ही कोण बाई तुम्हाला काय काढायला सांगतेय?"

मी घाईघाईनं फोन कट केला आणि शर्ट काढला. सगळे माझ्या छातीकडे बघत राहिले. काळा पट्टा, मध्ये एक बटण, बाकी पांढरे केस.

"ह्यो पट्टा?" काकड्या म्हणाला.

आणि टपरी हसायला लागली! जमनानं किटली खाली ठेवून पदर तोंडाला लावला. काकड्याही हसला, पण जरा उशिरानं. मला फार वाईट वाटलं. कोणीतरी पट्टा म्हणालं की त्या माणसाचे कान उभे राहणारच. मी तीन पट्टे घेऊन कुरकुरत होतो आणि तो एकासाठी म्हातारा झाला होता. काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, "काकड्यादादा, तुम्ही लावून बघता का?"

त्यानं लावला. आकडा सहासष्ट! मग माझ्याच सायकलवर बसून तो चढ चढून आला. अठ्ठ्याण्णव! पुष्पाचा निरोप आला, 'आता छान. असंच ठेवा.' माझ्या मनात पाप शिरलं. म्हटलं, मघाचे एकशे एकाहत्तर पट्ट्याची चूक म्हणून खपवू. हृदय कोणाचं का असेना, सायकल तर वाचली!

"दादा, अजून एक चक्कर मारा की! हवं तर घरी दाखवून या!" फोन मी स्वतः त्याच्या खिशात घातला.

दादा गेले ते आलेच नाहीत. मी टपरीवर भजी खाल्ली. मग पुन्हा खाल्ली. उन्हं कलली तेव्हा काकड्या आला, डोळे चोळत.

"जेवलो, जरा आडवा झालो," तो म्हणाला. "तुझा फोन वाजत व्हता. सुकीनं घेतला."

सुकी म्हणजे त्याची बायको. मग तो शांतपणे म्हणाला, "कोण बाई व्हती. लय भांडली."

ते भांडण मी पुढे दोन्ही बाजूंनी ऐकलं. झालं असं, की पुष्पाला फोनवर अठ्ठावन्न दिसले. नकाशात मी एका पाड्यावरच्या घरात होतो, तासभर तिथून हललोच नव्हतो. तिनं फोन लावला.

"ते कुठायत?"

"जेवून झोपलाय," सुकी म्हणाली. "दमलाय. उठला का सांगते."

"झोपलेत? तुमच्या घरात? तुम्ही कोण?"

"मी त्याची बायको. तू कोण?"

"मी त्यांची बायको!"

"अगं बाय!" सुकी म्हणाली आणि तिनं काकड्याला लाथ घालून उठवलं.

घरी पोचलो तेव्हा पुष्पा ओट्यावरच बसली होती. समोर फोन.

"अगं, ते हृदय माझं नव्हतंच!"

"तेच म्हणतेय मी! तुमचं हृदय या घरात नाहीच. माझ्यासमोर कधी पंच्याहत्तरच्या खाली येत नाही, आणि तिथं अठ्ठावन्न!"

शेवटी काकड्या आणि सुकी दोघांना डहाणूला आणून, चहा पाजून साक्ष द्यायला लावली. तेव्हा कुठं पुष्पाचा दुसऱ्या बायकोवरचा संशय फिटला. पण मग तिच्या ध्यानात आलं, की अठ्ठावन्न जर काकड्याचे, तर एकशे एकाहत्तर कोणाचे?

सायकल कासाला आहे. मेहुणा ती चालवत नाही, तिच्यावर चादरी वाळत घालतो.

पट्टा मात्र माझ्याकडेच आहे. रोज संध्याकाळी पुष्पा तो स्वतः ओला करते, माझ्या छातीला बांधते, फोन हातात घेऊन समोर बसते आणि विचारते, "हं, आज दुपारी कुठं होता?"

तर मंडळी, पट्टा अगदी खात्रीचा आहे. कोणाला हवा असेल तर घेऊन जा. फुकट देतो. फक्त पुष्पा देवळात गेलेली असताना या.