मशीनचं दुसरं टोक

लाँड्रीवाल्या वहिनींची चूक एवढीच झाली, की त्यांनी दिराला कोट घातला.

मशीन जड होतं. हॉस्पिटलच्या चादरी अर्ध्या पाण्यात धुणारं ते मशीन वहिनींनी स्वतः डोकं लढवून, भंगारातले सुटे भाग जमवून उभं केलं होतं. अशी आणखी दोन झाली, तर मोठ्या हॉस्पिटलचं कायमचं काम मिळणार होतं. नाही झाली, तर दुकानाला टाळं. महिला उद्योजकांना भांडवल देणाऱ्या समितीने प्रात्यक्षिकाला बोलावलं, तेव्हा मशीनचं दुसरं टोक धरायला घरात रिकामा असा दीरच होता. त्याचा शर्ट चुरगळलेला.

"लाँड्रीची माणसं आपण, भावोजी. असे आलात तर शोभा होईल," असं म्हणत वहिनींनी कुणा गिऱ्हाइकाचा न्यायचा राहिलेला, कडक इस्त्रीचा कोट त्याच्या अंगावर चढवला.

समितीच्या खोलीत अध्यक्ष उठले, वहिनींना ओलांडून गेले आणि त्यांनी दिराचा हात हातात घेतला.

"कशी सुचली कल्पना?"

"मला? मला कुठलं काय सुचतंय! वहिनींना विचारा."

"वा! श्रेय दुसऱ्याला देणारी माणसं राहिली नाहीत हल्ली," अध्यक्ष शेजारच्या सदस्यबाईंना म्हणाले. बाईंनी मान डोलावली.

वहिनींनी पाण्याचा, साबणाचा, विजेचा सगळा हिशेब समजावून सांगितला. तो ऐकून अध्यक्षांनी दिराला विचारलं, "म्हणजे तेच पाणी गाळून पुन्हा वापरता तर?"

"वापरत असतील."

"फार मोजकं बोलतात," अध्यक्ष खूश झाले.

मशीन सुरू झालं. डागाळलेली चादर आत गेली आणि पांढरीशुभ्र होऊन बाहेर आली. टाळ्या पडल्या. कुणीतरी नमस्कार करायला हवा असं वाटून दिराने तो करून टाकला. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मशीन मी बनवलंय! हे नुसते उचलायला आलेत!"

"रागावू नका हो ताई," सदस्यबाई म्हणाल्या. "धंद्यात डोकं थंड लागतं. यांच्याकडे बघा, किती शांत आहेत."

शांत असणारच. दिराला डुलकी लागली होती.

"शिवाय मुलं लहान तुमची. एवढा व्याप वाढला तर बघणार कोण?"

"आत्तापर्यंत कोण बघत होतं?" वहिनी म्हणाल्या. हे उत्तर उद्धटपणात जमा झालं.

आठवड्याभराने अध्यक्षांचा फोन आला. "ताई, मशीन उत्तमच आहे. पण नेतृत्वाची खात्री पटेना, यंदा नाही जमणार. दीर आहेत का घरात? द्या जरा."

दीर फोनवर "हो" आणि "बरं" एवढंच बोलला. फोन ठेवला तेव्हा त्याला समितीतच नोकरी लागली होती. भांडवल मागायला येणाऱ्या बायकांना मार्गदर्शन करायची.

वहिनी ओल्या चादरींच्या ढिगाऱ्यावरच बसल्या. त्यांना रडू आवरेना. दीर मनाचा वाईट नव्हता. त्याला फार वाईट वाटलं. वहिनींसाठी काहीतरी करावं म्हणून तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा वहिनी. मी आता समितीतला, मला काही तुमच्याबरोबर येता यायचं नाही. पण एकट्या येऊ नका हं. एखादा पुरुष आणा बरोबर. छाप पडते."