एका चाकावरची प्रदक्षिणा

वैजनाथ सरांना त्या दिवशी दोनच गोष्टी करायच्या होत्या. शाळेच्या फाटकापासून मैदानाच्या मध्यापर्यंत एका चाकाच्या सायकलवरून जायचं आणि तिथं उतरून हिंमतराव आबांच्या पाया पडायचं. यातली पहिली गोष्ट अवघड आणि दुसरी सोपी, असं साऱ्या शाळेला वाटत होतं. वैजनाथलाही तसंच वाटत होतं.

भूमपासून आठ किलोमीटरवरची ही शाळा आबांच्या संस्थेची. वैजनाथ तिथं आठ वर्षं तासिका तत्त्वावर खेळ शिकवत होता. म्हणजे तास मिळाला तर शिक्षक, नाही मिळाला तर बानूबाईचा पोरगा. त्याची आई बानूबाई अजून रोज मेंढरं घेऊन माळावर जायची आणि भेटेल त्याला सांगायची, "माझा वैजा मास्तर हाय, पन अजून कच्चा हाय." यंदा कायम शिक्षकाची एक जागा निघाली होती. ऑर्डरचा कागद सहीशिक्क्यासह आबांच्या खिशात होता, फक्त नावाची ओळ कोरी होती. क्रीडा महोत्सवाला येऊन, माणूस बघून, आबा तिथं नाव घालणार होते.

माणूस बघून म्हणजे माणूस किती वाकतो ते बघून. दोन वर्षांपूर्वी विज्ञानाच्या सरांनी कमरेला पट्टा असल्यामुळं आबांना नुसताच हात जोडून नमस्कार केला होता. आता ते ज्या शाखेत शिकवतात तिथं जायला दोन एसट्या बदलाव्या लागतात. तेव्हापासून संस्थेत कुणाची कंबर दुखत नाही.

एका चाकावरून स्वागत करायची कल्पना मुख्याध्यापक महारुद्र सरांची. वैजनाथनं जुन्या सायकलचं एक चाक, तिचंच सीट आणि वेल्डरची मेहनत यांतून ते यंत्र उभं केलं होतं आणि वर्षभर पडून पडून तो चालवायला शिकला होता. अडचण एकच होती, खडबडीत जागी पेडलवरून पाय निसटायचा. मग त्यानं फोनवर कुठंतरी बघितलं, की शर्यतीतले सायकलवाले एक खास पेडल वापरतात. त्याचं नाव क्लिपलेस. त्याबरोबर बूट येतात, बुटाच्या तळाला धातूची पट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन बसते आणि पाय पक्का होतो. ज्या वस्तूच्या नावातच क्लिप नाही म्हणून सांगितलंय, ती माणसाला असं धरून ठेवते हे वैजनाथला आवडलं. त्यानं ते मागवलं. सुटायचं असेल तर टाच बाहेरच्या बाजूला झटकन वळवायची, एवढंच.

एवढंच, पण दोन चाकांवर. एका चाकावर टाच वळवली की चाकही वळतं, आणि माणूस पेडल-बुटांसकट तोंडावर येतो. वैजनाथनं त्यावर उपाय काढला होता. घरामागच्या मेंढवाड्याच्या भिंतीला धरून तो चढायचा आणि परत तिथंच येऊन, भिंतीला धरून, टाच वळवून उतरायचा. चार दिवस हा सराव झाला. मैदानावर भिंत नव्हती, पण मधोमध व्हॉलीबॉलचा खांब होता. खांबाला धरायचं, उतरायचं, दोन पावलं टाकायची आणि वाकायचं, असं त्यानं पक्कं ठरवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बानूबाईनं स्वतःच्या हातानं त्याच्या बुटाच्या नाड्या बांधल्या. मेंढराचं दावं बांधतात तशी गाठ मारली आणि म्हणाली, "आता सुटंल तर नाव सांगणार न्हाय."

अकरा वाजता आबांची गाडी आली. हलगी कडाडली. आबा मैदानाच्या मध्यावर उतरले, डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. महारुद्र सरांनी बाजूच्या स्टेजवरून माइकवर हाक दिली, "आणि आता आपल्या लाडक्या अध्यक्षांच्या स्वागतासाठी येत आहेत, एका चाकावर, वैजनाथ सर!"

वैजनाथ फाटकाच्या खांबाला सोडून निघाला. पोरांनी टाळ्या धरल्या. तो ताठ बसून, हात पसरून, झोकात निम्मं मैदान ओलांडून आला आणि बघतो तर काय, व्हॉलीबॉलचा खांब नव्हता! आबांची गाडी सरळ आत यावी म्हणून महारुद्र सरांनी तो पहाटेच उपटून ठेवला होता.

समोर आबा, आबांच्या मागं गाडी, दोन्ही बाजूंना हलगीवाले आणि गर्दी. जागच्या जागी उभं राहायची विद्या वैजनाथला अजून आली नव्हती. थांबला तर पडणार. पडला तर भर स्वागतात अपशकुन, आणि उतरलाच नाही तर उद्धटपणा. कुणाचा तरी खांदा धरावा म्हणून तो गर्दीकडं झुकला, तर माणसं मोठ्या आदबीनं चार पावलं मागं सरली. "सरांना वाट द्या रे!" कुणीतरी ओरडलं. मग उरली ती एकच जागा, आबांच्या भोवतालची. वैजनाथ आबांना वळसा घालून गेला आणि गोल फिरून पुन्हा समोर आला.

आबांनी पाया पडून घेण्यासाठी उजवा पाय थोडा पुढं केला होता. वैजनाथ त्या पायासमोरून तसाच निघून गेला. आबांच्या कपाळावर आठी पडली. दुसऱ्या वळशाला आठ्या तीन झाल्या. कार्यक्रम महारुद्र सरांचा होता, त्यांनी माइक तोंडाशी नेला. आणि घाबरलेल्या माणसाला कधीकधी सुचतं तसं त्यांना सुचलं.

"बंधूंनो, भगिनींनो!" ते ओरडले. "वैजनाथ सर आबांना प्रदक्षिणा घालत आहेत!"

मैदानात टाळ्यांचा गजर झाला. आबांच्या आठ्या उतरल्या. आजवर लोक पाया पडले होते, प्रदक्षिणा कुणी घातली नव्हती. आबांनी पाय मागं घेतला, नारळासकट हात जोडले, डोळे अर्धे मिटले आणि देवळातल्या मूर्तीसारखे स्थिर उभे राहिले. पोरं मोजायला लागली, "तीऽऽन! चाऽऽर!"

गर्दीत पुढं उभ्या असलेल्या बानूबाईला मात्र खरं काय ते लगेच कळलं. ती हातातली काठी घेऊन पुढं सरकली. "आरं वैजा, भिंत न्हाय रं हितं! आता कसा उतरशील?"

"म्हातारे, मागं हो," एका हलगीवाल्यानं तिला अडवलं. "प्रदक्षिणा मोडायची नसती."

"कसली प्रदक्षिणा? अडाकलाय त्यो!"

पण हलगीपुढं तिचं कोण ऐकणार! अकरा प्रदक्षिणा झाल्या तेव्हा संपलं असं समजून आबांनी डोळे उघडले. वैजनाथ बारावीला निघाला होता. महारुद्र सर म्हणाले, "एकवीस! एकवीस घालणार आहेत सर!" ऊन चढलं होतं. आबांचे गुडघे सत्तर वर्षांचे होते. चाक आता दमल्यासारखं डुगडुगत होतं आणि वर्तुळ दर फेरीला लहान होत होतं. चौदाव्या फेरीला ते आबांच्या चपलेपासून वीतभर अंतरावरून गेलं.

"बास आता. उतर," आबा ओठ न हलवता म्हणाले.

वैजनाथ एक फेरी मारून आला. "येईना, आबा."

पुढची फेरी. "काय येईना?"

त्याच्या पुढची. "उतराय."

आबांच्या चेहऱ्यावरची मूर्ती हलली. "म्हंजी ही प्रदक्षिणा..."

"न्हाय, आबा. पाय अडाकलेत. माफी करा."

हे ऐकल्यावर आबांनी चारी बाजूंना पाहिलं. चारशे माणसं भक्तिभावानं मोजत होती, पाच-पन्नास फोन वर धरलेले होते. खरं बाहेर पडलं असतं तर आबा अडकलेल्या मास्तरासमोर डोळे मिटून देव होऊन उभे राहिलेले म्हातारे ठरले असते. त्यांना घाम फुटला. वैजनाथला तर मघाशीच फुटला होता. आठ वर्षं डोळ्यांसमोरून जात होती आणि त्यातला प्रत्येक तास शेवटचा वाटत होता.

एकविसाव्या फेरीला आबांनी नारळ टाकला आणि दोन्ही हात पसरले. वैजनाथ त्यांच्या अंगावर कोसळला. आबांनी त्याला कमरेला घट्ट धरलं. वैजनाथ उंचावर, त्यामुळं आबांचं तोंड त्याच्या पोटाशी आणि फेटा त्याच्या हनुवटीखाली. लोकांना ती गळाभेट वाटली. हलगी बेभान झाली.

"आता सोडू का?" आबा पोटातून बोलले.

"सोडू नका! पडन म्या, तुमच्यासंगट."

"मग बूट काढ की."

"माईनं गाठ मारलीया. मेंढराची. हाताला सुटत न्हाय."

"मग सुटतं कशानं?"

"टाच भाईर वळवाय लागती. पन पाय लई थरथरायलेत, जोरच लागंना. कुणीतरी खालून धरून वळवली तर..."

"महारुद्रला बोलवू?"

"बोलवा, आबा. पन समद्यान्ला कळंल."

आबांनी दोन्ही पाय मातीत रोवले. मग म्हणाले, "माझ्या खांद्याला धर. हलू नगंस." ते हळूहळू खाली सरकले, एक गुडघा मातीत टेकला, वैजनाथचा उजवा बूट दोन्ही हातांनी धरला आणि टाच बाहेर वळवली. खट्ट!

पाय सुटला. वैजनाथनं तो जमिनीवर टेकवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण त्याच वेळी हलगी थांबली होती. संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव आबा साऱ्या तालुक्यादेखत तासिकेवरच्या मास्तरासमोर गुडघा टेकून, दोन्ही हातांनी त्याचे पाय धरून बसले होते. फोन सगळे वरच होते.

वैजनाथनं डोळे मिटले. आता ऑर्डर तर गेलीच, उद्यापासून तासही मिळणार नाही. दोन एसट्यांवरची शाखासुद्धा मिळणार नाही. गर्दीतून फक्त बानूबाईचा आवाज आला, "बाई बाई, आबा माझ्या पोराच्या पाया पडले की!"

आबांनी ते ऐकलं. ते उठले, गुडघा झटकला आणि ताडताड स्टेजवर जाऊन महारुद्र सरांच्या हातातून माइक ओढून घेतला.

"काय बघताय?" ते गरजले. "गुरूचे पाय धरायची लाज वाटत न्हाय मला! पन हिंमतराव तासिकेवरच्या मानसाचे पाय धरंल का? धरंल का?"

"न्हाय!" गर्दी ओरडली.

"मंग वैजनाथ सर तासिकेवर हायत का?"

गर्दी चाचरली. महारुद्र सरांनी आधी होकारार्थी मान हलवली, मग घाईघाईनं नकारार्थी.

"न्हायत!" आबांनी खिशातला कागद काढला, महारुद्र सरांच्याच पेनानं कोऱ्या ओळीत नाव लिहिलं आणि कागद सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "सर कायम हायत! पाय धरायच्या आधीपासून कायम हायत! तारीख बघा, कालची हाय!"

मैदान दणाणलं. बानूबाई काठी टाकून रडायला लागली. वैजनाथला काही खरं वाटेना. तो कागद घ्यायला स्टेजकडं निघाला खरा, पण आबांनी एकच पाय सोडवला होता. दुसरा तसाच पेडलमध्ये होता. एका पायानं लंगडी घालत आणि दुसऱ्या पायाला लटकलेलं चाक फरफटत तो कसाबसा स्टेजवर चढला. कागद हातात आला. त्यावरचं स्वतःचं नाव त्यानं दोनदा वाचलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच कुठलाही हिशोब मनात न धरता, अगदी मनापासून, तो आबांच्या पाया पडायला वाकला. त्याच्याबरोबर चाकही गरकन फिरून पुढं आलं.

"नगं, नगं, सर! लांबूनच!" आबा ओरडले, मटकन खुर्चीत बसले आणि त्यांनी आपले दोन्ही पाय उचलून वर घेतले.