सीलिंगच्या वरची नावं

उस्मानचाचांना म्युझियममध्ये नेऊ नये. शारजात एकदा नेलं, तर एका प्राचीन कोरीव दगडासमोर ते अडूनच बसले. पाटीवर राजाचं नाव होतं. चाचांनी गार्डला विचारलं, "भाई, बनाया किसने?"

"राजाने."

"राजा को छिन्नी पकडना आता था?"

गार्डने "यल्ला, यल्ला" करत आम्हाला पुढे काढलं. पुढे पिरॅमिडचं चित्र. चाचा म्हणाले, "हुकूम फिरऔनचा, म्हणजे तिथल्या राजाचा. हिशेब त्याच्या शिकलेल्या कारकुनांचा. मग हात कोणाचे रे?"

मला हे ऐकून स्फुरण चढतं. मी पुण्यात पत्रकं वाटत वाढलोय. उद्गारचिन्हाशिवाय माझं वाक्य संपत नाही. पण नोकरीसाठी दुबईत उतरलो तेव्हा अल कुसैसच्या आपल्या खोलीत मला खाट दिली ती चाचांनी. एकाही पत्रकाने नाही.

चाचा म्हसळ्याचे, फॉल्स सीलिंगचे कारागीर. जिप्समचा बोर्ड चढवण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला ते पेन्सिलने काम करणाऱ्यांची नावं लिहितात. हेल्परचंसुद्धा. "साहेब खालून बघतो. अल्ला वरून वाचतो."

गेल्या महिन्यात साहेबानेही वाचलं. एसी तपासायला इंजिनिअरने सीलिंगचं झाकण उघडलं आणि भडकला. "सब मिटाओ, नहीं तो कल से मत आना."

साहेबाची समजूत घालायला चाचांनी मला साइटवर नेलं. शोषण, सत्ता, इतिहास, सगळं भाषण मी पाठ करून गेलो होतो. तोंड उघडलं तर चाचा म्हणाले, "खलास! गप. मला काम पाहिजे." आणि खोडरबर घेऊन शिडीवर चढले.

आधी स्वतःचं नाव पुसलं. मग एकेक करत बाकीची. मग हात थांबला.

"साब, एक रह गया. ये नहीं मिटाऊंगा."

"कौन है?"

"दत्ताराम. इस साइट पे कभी आया नहीं. नौ साल पहले गुजर गया. लेकिन लेव्हल निकालना मुझे उसी ने सिखाया."

दत्ताराम म्हणजे माझे बाबा. सुट्टीला दुबईहून घरी येणारा, बॅग उघडून खजूर वाटणारा माणूस एवढंच मला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं. चाचा मात्र नऊ वर्षं, प्रत्येक सीलिंगवर, त्यांची हजेरी लावत होते. मला कधी बोलले नाहीत.

इंजिनिअरने वर पाहिलं. मग म्हणाला, "रहने दो. ढक्कन लगा दो."

चाचा उतरेपर्यंत मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.