कांताबाईंचं चोरटं मत

कांताबाईंना सुनेला मत द्यायचं होतं, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

आर्णीच्या महिला मंडळाने ऑनलाइन पाककला स्पर्धा ठेवली होती. सासू-सून दोघींनी डाळीच्या पिठाचे गोळे घालून गोळाभात केला आणि स्पर्धेच्या आपापल्या पानावर टाकला. शीलाचा सरस झाला. तिचा पदार्थ बारा वर्षांत कांताबाईंनी एकदाही चांगला म्हटला नव्हता. आता मत शीलाला दिलं आणि मंडळाच्या नलूबाईंना समजलं, तर आर्णीभर बोभाटा होणार. आणि कुणी पान उघडलं किंवा मत दिलं, की त्याचा घरपत्ता नलूबाईंना दिसायचा.

शीला बाजारात गेली, तसं त्यांनी मोबाइल दुकानवाल्या नजीरला घरी बोलावलं.

"मावशी, प्रॉक्सी लावतो. म्हणजे आपल्या बदल्यात जाणारा. समजा, तुम्ही नलूबाईकडं विरजणाले माणूस धाडला. एक प्रकार दारातच सांगते, 'कांताबाईनं धाडलं.'"

"मंग त्याले धाडाव कायले?"

"दुसरा सांगते, 'धाडलं कोणीतरी, नाव नाही सांगत.' तिसरा म्हणते, 'मलेच पायजे.'"

"तिसराच पायजे!"

पण नजीरचं बोट पहिल्यावर पडलं. लगेच नलूबाईंचा फोन.

"कांताबाई, शीलाचं पान काहून उघडलं? मधात कोणी आहे, पण पत्ता तर तुमचाच दिसून राह्यला!"

"तिच्या चुका पाहून राह्यली होती!" कांताबाईंनी फोन आपटला. "नजीर, हा माणूस आहे का दवंडीवाला?"

नजीरने घाईघाईने दुसरा लावला आणि मत टाकलं. मंडळाच्या ग्रुपवर नलूबाई गरजल्या, 'कोणीतरी तोंड बांधून आलं. मत बाद! नाव सांगा.'

बायका एकमेकींवर संशय घेऊ लागल्या. कांताबाईंनीही नजीरला लिहायला लावलं, 'लाज नाही लोकांले.'

"आता तिसरा," नजीर म्हणाला. "हा विदेशातला आहे. कोणाले पत्ता नाही लागत."

मत पडलं. कांताबाईंनी पदराने कपाळ पुसलं. तेवढ्यात पुन्हा ग्रुप वाजला. नजीरने वाचलं, 'विदेशातल्या एकाच घरून दोन मतं. सकाळचं कांताबाईले, आत्ताचं शीलाले. एका घरचं एकच मत. दुसरं बाद.'

"विदेशात माह्यं कोण आहे बापा?" कांताबाई गोंधळल्या. मग त्यांनी नजीरकडे रोखून पाहिलं. "हाच माणूस सकाळी कोणासाठी धाडला होता रे?"

नजीर चपला शोधू लागला. "मावशी, मी बी तिसऱ्याच प्रकारचा. कोणी धाडलं, सांगत नसतो."

दारात शीला उभी होती, हातात भाजीची पिशवी. नजीरला पाहून तिचा चेहरा उतरला.

"नजीरभाऊ, तुम्ही इथं काहून?"

"टीव्ही बंद पडला, तो पाहाले बोलावलं," कांताबाई म्हणाल्या.

चालू टीव्हीकडे तिघांनीही पाहिलं.

"आत्याबाई, रात्रीले काय करू?"

"गोळाभात कर," कांताबाई म्हणाल्या. "त्या दिवशी बिघडवला होता. आज माह्या ताटात दोन गोळे जास्त टाक, म्हणजे नीट समजन कुठं बिघडते ते."