अंगणात मावलेलं वर्तुळ

दुकानदाराने तीच शिडी तिसऱ्यांदा उघडून दाखवली, तेव्हा बाईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या. सरांबरोबर काही विकत घ्यायला जायचं तर आधी बसायची सोय पाहावी, हे त्या बेचाळीस वर्षांच्या संसारात शिकल्या होत्या. सरांनी पस्तीस वर्षं भूमिती शिकवली होती. गल्लीत, बाजारात, एवढंच काय घरात बाईसुद्धा त्यांना सरच म्हणत. बाईंनी लग्नानंतर दुसरं काहीतरी म्हणून पाहिलं होतं, पण ते हाकेला ओ देत नसत.

"खड्डा वगैरे काही खणायला नको," दुकानदार सांगत होता. "हा जाड रबरी कपडा जमिनीवर पसरायचा. वरचं कडं हवा भरून फुगवायचं आणि पाणी सोडायचं. पाणी वाढेल तसा पोहायचा तलाव आपोआप उभा राहतो."

"आपोआप काही होत नसतं," सर म्हणाले. "त्यामागे नियम असतो. कोणता?"

दुकानदाराने मदतीसाठी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

मग सामानाची परीक्षा सुरू झाली. पाणी गाळायचा पंप पास झाला. क्लोरीनच्या गोळ्या पास झाल्या. खाली अंथरायचं कापड काठावर पास झालं. बुचाला नळी जोडायचा एक प्लास्टिकचा तुकडा होता, तो मात्र साफ नापास.

"पाणी काढायचं तेव्हा बूच उघडायचं. पाणी उताराकडे जातं, त्याला तुकडा कशाला?"

"सर, घेऊन ठेवा. सगळे घेतात."

"सगळे करतात म्हणून एखादी गोष्ट सिद्ध होत नाही."

मापाची वेळ आली. बारा फुटी, पंधरा फुटी, अठरा फुटी. बाई म्हणाल्या, "बारा पुरे."

"अंगण पंधरा बाय पंधरा आहे," सर दुकानदाराकडे वळले. "त्या चौकोनात मोठ्यात मोठं वर्तुळ किती व्यासाचं बसेल?"

"पंधरा?"

"शाब्बास. तेच द्या."

"पण सर, चालायला थोडी जागा..."

"चार कोपरे मिळून अठ्ठेचाळीस चौरस फूट उरतात. मांडून दाखवू?"

दुकानदार नको म्हणाला आणि आतून खोका आणायला गेला तो बराच वेळ आला नाही.

एवढा खटाटोप टिल्लीसाठी होता. टिल्ली म्हणजे लेकीची लेक. वय वर्षं सात, जीभ वर्षं सत्तर. जगात कशालाही न भिणारी ही पोर पाण्याला मात्र भयंकर भ्यायची. तिचे केस धुवायचे तर एकाने धरायचं, एकाने धुवायचं आणि तिसऱ्याने शेजाऱ्यांना सांगून यायचं की काळजीचं कारण नाही. आता तिच्या नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यापासून पोहण्याचा तास होता, आणि टिल्लीने आपण शाळेतच जाणार नसल्याचं जाहीर केलं होतं. तीन शिक्षक समजावून थकले होते. लेक फोनवर रडली. सर म्हणाले, "सुट्टीत माझ्याकडे पाठव. दहा दिवसांत भीती गेली नाही तर मला सर म्हणू नका."

ज्या दिवशी मायलेकी यायच्या होत्या, त्याच दिवशी दुपारी पाण्याचा टँकर आला. कपडा सकाळीच अंथरून झाला होता. चपटा पडलेला असताना त्याच्यावरून सगळे ये-जा करत होते, त्यामुळे कुणाच्या मनात काहीच आलं नाही. बाई जेवून आडव्या झाल्या. सर फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहून देखरेख करत होते. बारा हजार लिटर पाणी जाड नळीतून पडू लागलं, आणि तलाव खरोखरच आपोआप उभा राहिला.

बाईंना जाग आली ती पाण्याचा आवाज थांबल्यामुळे. त्यांनी पुढचं दार उघडलं. दाराला चिकटून, त्यांच्या कमरेपर्यंत, एक निळी टम्म भिंत उभी होती. भिंतीपलीकडे पाणी, पाण्यापलीकडे फाटक, आणि फाटकापलीकडे सर.

"बघितलंत?" सर ओरडले. "चारही भिंतींना कसं नेमकं टेकलंय."

"बघितलं. मी बाहेर कशी येऊ?"

"तुम्हाला बाहेर कशाला यायचंय?"

"मला नाही यायचं. तुम्हाला आत यायचं असेल. तासाभरात लेक येईल, तिला यायचं असेल."

सरांनी अंगणाकडे नव्याने पाहिलं. "कोपऱ्यातून या की."

"कोपरे चार आहेत हो. पण एकातून दुसऱ्यात जायला वाट कुठे ठेवलीय?"

टँकरवाला नळी गुंडाळत होता. एकेकाळी तो सरांच्याच वर्गात होता आणि भूमितीत दोनदा नापास झाला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "वर्तुळ प्रत्येक भिंतीला मधोमध टेकतं, सर. दारही मधोमध आहे. फाटकही."

"हे तू आत्ता सांगतोस?"

"मघाशीच सांगणार होतो. पण म्हटलं, सरांनी काहीतरी विचार केला असेल."

ती आकृती सरांनी आयुष्यभर फळ्यावर काढली होती. तिच्यात एकदाही दार नव्हतं.

मागचं दार या घराला नव्हतं आणि खिडक्यांना गज होते. बाई पलीकडचं नीट दिसावं म्हणून कड्यावर जरा रेलल्या. कडं हवेचंच, ते मुकाट्याने खाली दबलं, आणि तीन-चार बादल्या पाणी बाईंच्या कमरेवरून दिवाणखान्यात शिरलं.

"रेलू नका," सर म्हणाले.

"आता सांगताय?" बाई म्हणाल्या. आत सोफ्याखाली सकाळचं वर्तमानपत्र तरंगू लागलं होतं.

"बूच काढून थोडं पाणी कमी करा. बूच तुमच्याच बाजूला आहे. हाताशी असावं म्हणून मुद्दाम दाराकडे ठेवलंय."

"म्हणजे ते पाणी कुठे जाईल?"

बुचाला नळी लावता आली असती, तर पाणी कुठेही नेता आलं असतं. नळी घरात होती. तुकडा दुकानात होता.

राहिली शिडी. ती दिवाणखान्यात खोक्यातच पडली होती. बाईंनी ओला पदर खोचला, माहितीपत्रक उघडलं आणि शिडी जुळवायला बसल्या. सर पलीकडून सूचना देत होते.

"आधी लांब दांडे वेगळे करा."

"केले."

"दोन्ही बाजू समांतर आहेत का बघा."

"सर, तुम्ही दहा मिनिटं गप्प बसाल का?"

शिडी दुपाखी होती, एक पाय तलावात आणि एक बाहेर. बाहेर जागाच नव्हती. बाईंनी एक पाय पाण्यात सोडला आणि दुसरा दिवाणखान्यात, टीपॉयच्या शेजारी रोवला. आता दिवाणखान्यातून चढून तलावात उतरता येत होतं. लग्नानंतर नवऱ्याने घराला केलेली ही पहिली सुधारणा, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"मी येतो," सर म्हणाले. टँकरवाल्याने फाटकापाशी बादली उपडी ठेवली आणि सरांना हात दिला. इस्त्रीची पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून सर आत उतरले. पाणी मांड्यांच्याही वर आलं, त्यामुळे दुमडण्याचे कष्ट वाया गेले. ते तलावाच्या मध्यावर पोचले आणि नेमकी तेव्हाच फाटकाशी गाडी थांबली.

लेक बॅग घेऊन उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली. "आबा, हे काय?"

"ये ये. एवढ्यातच भरलाय."

"आत कसं यायचं?"

"त्याच्यावरच काम चालू आहे."

टिल्ली आईच्या मागे होती. तिने पाणी पाहिलं आणि आईचा कुर्ता मुठीत धरला. बाई दारातून बघत होत्या. पोर आता इथूनच परत फिरणार, आणि मग तिला कुणी पाण्यापाशी नेऊ शकणार नाही.

सरांनी घसा खाकरला. "हे बघ टिल्ली. आधी समजून घेऊ. पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलत असतं. का ढकलतं?"

"आबा," टिल्ली एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. "मला शूला जायचंय."

"उत्तर दे, मग जा."

"चार तास गाडी कुठे थांबलीच नाही, आबा," लेक म्हणाली. "खूप घाई असेल तिला."

"संडास आत आहे," बाई दारातून म्हणाल्या.

टिल्लीने एकदा घराकडे पाहिलं, एकदा तलावाकडे. मग आईचा कुर्ता सोडला, बादलीवर चढली आणि पोटावर कड्यावर पडली. कडं दबलं, पाण्याचा लोंढा रस्त्यावर आला, टँकरवाल्याचे बूट भरले, आणि टिल्ली सुळकन आत घसरली. उभी राहिली, नाकातोंडातलं पाणी पुसलं. कुणी तिला काही सांगितलं नाही, सांगायला कुणाला सुचलंच नाही. ती हातांनी पाणी कापत निघाली. पाणी तिच्या छातीला लागत होतं.

सरांच्या शेजारी आल्यावर ती थांबली. बाईंना वाटलं, आता रडणार. पण तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. खांदे सैल पडले. तिने डोळे मिटले आणि उघडले.

"दमलीस?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग जा लवकर आत."

"आता घाई नाही," टिल्ली म्हणाली.

सरांना समजायला क्षणभर लागला. मग ते वळले आणि ज्या वेगाने फाटकाकडे निघाले, तो वेग बाईंनी त्यांच्या तरुणपणीही पाहिला नव्हता. कड्यावरून पाय टाकून ते थेट रस्त्यावर गेले आणि कोरड्या जागेवर जाऊन पॅंट पिळू लागले.

टिल्ली मात्र रमली होती. ती शिडी चढून दिवाणखान्यात डोकावली, आजीला ओली मिठी मारली, पुन्हा पाण्यात उतरली. नाक धरून बुडी मारली. "आई, शाळेतला तलाव एवढाच असतो का?" तिने विचारलं. लेक ओढणीने डोळे पुसत राहिली.

"सर, रात्री जेवायला आत यायचंय ना?" बाईंनी विचारलं.

"येतो. जरा वेळाने."

"कसे येणार?"

सर फाटकाची सळई धरून पाण्याकडे बघत होते. टिल्लीने ते पाहिलं. पाणी कापत ती फाटकाशी आली, कड्यावर हनुवटी टेकली आणि एक हात बाहेर काढला.

"चला आबा. मी धरते तुम्हाला."

"मी काही घाबरत नाहीये," सर म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात," टिल्ली म्हणाली.